काळ्या मेंढीची कातरणी

आमच्या घरात मेंढ्या कातरायच्या पुरुषांनी आणि कातरलेल्या लोकरीतली कुसळं वेचायची बायकांनी, अशी कामाची वाटणी होती. ती कुणी ठरवली हे कुणाला माहीत नव्हतं. मी ती मोडली, असं आता नातेवाईक कौतुकानं सांगतात. मी काहीही मोडायला निघाले नव्हते. माझ्या वडिलांनी मेंढ्या सोडून गोरेगाव-हिंगोली अशी जीप चालवायला घेतली, त्यामुळं आमच्या वाट्याच्या मेंढ्या कातरताना आजोबांच्या जोडीला एक हात कमी पडायला लागला, एवढंच कारण. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता आणि मी पाचवी संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते. कुसळं वेचून बोटं हुळहुळायची. शिवाय कातर धरणाऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवायचे, आणि गरम भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा सगळं आधी त्यांच्या पुढ्यात जायचं. आम्हाला उरलेलं आणि गार झालेलं. मला कातर हवीशी वाटली, त्यात त्या पंगतीचा वाटा बराच होता.

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. बोलणं कमी आणि जे बोलतील ते समोरच्याला तोडून. त्यांच्या हाताची कातरणी आजूबाजूच्या गावांत नावाजलेली होती. कातरून झालेली मेंढी उभी राहिली की तिच्या अंगावर कुठं पायऱ्या दिसायच्या नाहीत. काकांनी कातरलेली मेंढी मात्र न्हाव्याशी भांडण करून उठलेल्या माणसासारखी दिसायची. काकांना हे सांगितलेलं चालायचं नाही.

वर्षातून दोनदा कातरणी असायची, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळी सरल्यावर. आदल्या दिवशी मेंढ्या ओढ्याच्या डोहात धुवायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि सकाळी बाभळीखाली एकेक आडवी पाडून पाय बांधायचे. मधोमध एक वाटी ठेवलेली असायची, तेलात कालवलेल्या हळदीची. कातरताना मेंढीला कुठं लागलं तर कातरणाऱ्यानं मोठ्यानं "रगत!" असं म्हणायचं, स्वतः उठून वाटी आणायची, आपल्या हातानं हळद लावायची आणि ती मेंढी दुसऱ्याच्या हवाली करायची. उरलेली मेंढी दुसरा पुरी करणार. कातरायला मदतीला आलेल्या पाहुण्यांसमोर अर्धी मेंढी सोडून उठणं पुरुषांना फार लागायचं, म्हणून ते रगत निघू नये याची काळजी घ्यायचे. काही जण नुसतं तोंड उघडायचं नाही याची काळजी घ्यायचे.

ही रीत होती याला कारण होतं. आमच्या मेंढ्या बहुतेक काळ्या. काळ्या कातडीवर रगत दिसत नाही. ज्याच्या हातून लागलं त्यालाच काय ते कळतं, आणि तो बोलला नाही तर पाऊस लागल्यावर माशा बोलतात. मी लहान असताना एका मेंढीच्या काखेत किडे पडले होते. वास सुटला तेव्हा घरच्यांना कळलं. सीताफळाचा पाला ठेचून भरला, पण ती वाचली नाही. कुणाच्या कातरीनं लागलं होतं ते शेवटपर्यंत निघालं नाही, कारण विचारल्यावर सगळेच आभाळाकडं बघायला लागले.

आबांनी मला कातर दिली ती जुनी, जड आणि माझ्या दोन्ही हातांत न मावणारी. एक म्हातारी मेंढी समोर टाकली आणि म्हणाले, "कर." मी लोकर मुठीत धरली, वर ओढली आणि कातर चालवली. मेंढीची पाठ थरथरली. माझ्या जिभेला कुलूप लागलं. आबा पलीकडं दुसऱ्या मेंढीवर वाकलेले होते, त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बोल."

"रगत," मी म्हटलं.

"आयकू न्हाई आलं."

"रगत!"

सगळे हसले. मी वाटी आणली, हळद लावली आणि कुसळांकडं परत आले. माय म्हणाली, "झाली हौस?"

हौस झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले, पुन्हा लागलं आणि पुन्हा उठले. तिसऱ्या मेंढीला मी रडकुंडीला आले, तेव्हा आबांनी मला जवळ बोलावलं आणि काही न सांगता माझी वेणी धरून वर ओढली. मी ओरडले.

"काय उचलून आलं?" आबांनी विचारलं.

"केस."

"अन् केसाखाली?"

"कातडी."

"मंग आता हितं कातर चालवू का?"

एवढ्यावरून मला जे कळलं ते नंतर कुणी समजावून सांगितलं असतं तरी कळलं नसतं. लोकर ओढायची नाही. डाव्या हाताचा तळवा टेकवून कातडी सपाट ताणायची आणि कातर तिच्या अंगासरशी सरकू द्यायची. कळलं, पण हाताला कळायला अजून वर्ष लागायचं होतं. आबांनी अट घातली, "एक मेंढी रगत न काढता पुरी कर. मंग तू कातरणाऱ्यांत. तवर कुसळं येच."

एक मेंढी ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. मलाही वाटली नव्हती.

पावसाळाभर मी हात तयार करत होते. एक फाटकी घोंगडी होती, तिच्यावरचे लोकरीचे गोंडे मी खालचा धागा न तोडता कातरायचा प्रयत्न करायचे. धागा तुटायचाच. मेंढ्यांमागं गेले तरी रिकामी कातर हातात उघड-मीट करत बसायचे. त्या कचकच आवाजानं मायचं डोकं उठायचं. "पोरगी हाय का न्हावी?" असं ती विचारायची. शाळेत माझं अक्षर बिघडलं, कारण पेन धरायच्या बोटांवर घट्टे आले होते. मास्तरांनी कारण विचारलं आणि मी खरं सांगितलं, तेव्हा वर्गानं दोन दिवस "ब्यां" केलं. मी तोंड फुगवून बसले, पण कातर सोडली नाही. चिकाटी वगैरे शब्द मला माहीत नव्हते. मला राग आला होता आणि तो बऱ्यापैकी टिकाऊ निघाला.

दिवाळीनंतरच्या कातरणीत मी पुन्हा हरले. पाठ आणि कुशी छान झाल्या, मानेच्या घडीत कातर रुतली. मी स्वतःहून ओरडले आणि स्वतःहून उठले. पुसेगावहून आलेल्या पाहुण्यांतल्या एकानं मला हळूच शिकवलं, "अगं, एवढ्याशा ओरखड्याला कशाला वरडतीस? बोटानं दाबून धर, थांबतं." ते आबांनी ऐकलं. पुढच्या कातरणीला त्याला बोलावणं गेलं नाही.

त्यानंतर आबा मला गोरेगावच्या बाजारात घेऊन गेले. तिथं धार लावणारे एक चाचा होते, आमच्या सगळ्या कातरी त्यांच्याकडंच जायच्या. आबांनी सांगितलं, हिच्या हाताला बसेल अशी बारकी करून द्या. चाचांनी दोऱ्यानं माझा पंजा मापला आणि आबांना विचारलं, "छोकरी के वास्ते? मेंढी से पूछ लिया क्या?" आबा हसले. मी त्यांना एवढं मोकळं हसताना क्वचित पाहिलं. परत येताना त्यांनी जीपच्या पायरीवर पाय ठेवला तो पायरीच्या बाजूला पडला आणि ते पुढच्या माणसाच्या अंगावर गेले. "गर्दी हाय," असं म्हणाले. जीपमध्ये तो एकटाच माणूस होता.

आबांची नजर जात होती. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. माय त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची बंद झाली, ती तो हातात द्यायची. काका चौकटीजवळची खाट गुपचूप सरकवून ठेवायचे. डोळ्यांच्या शिबिराला हिंगोलीला नेऊ, असं वडील म्हणायचे आणि आबा "बघू" म्हणायचे. आबांना नजरेशिवायही कातरता येतं, त्यांचा हातच बघतो, असं काका पाहुण्यांना सांगायचे. ते ऐकायला बरं वाटायचं.

पुढच्या पावसाच्या तोंडावरची कातरणी आली. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि ओसरायचं, त्यामुळं सगळ्यांना घाई होती. बाभळीखाली आबा, त्यांच्या शेजारी मी, समोर काका आणि पुसेगावचे बाकीचे पाहुणे. माय आणि काकू लोकर गोळा करत होत्या. मला एक काळी, भरल्या अंगाची मेंढी मिळाली. आबांच्या पुढ्यातही काळीच होती.

त्या दिवशी माझा हात असा चालला की मलाच नवल वाटलं. पाठ झाली, कुशी झाल्या, पोट झालं. पोटाची कातडी पातळ असते, तिथं मी श्वास धरून कातरलं. मानेची घडी मी बोटांनी उलगडून ताणली आणि तीही झाली. मागचा एक पाय तेवढा राहिला होता. वर्षभर ज्यासाठी मार खाल्ल्यासारखी हिंडले ते समोर होतं.

तेवढ्यात शेजारी आबांच्या मेंढीची कातडी थरथरली.

ती थरथर मी हजारात ओळखली असती, माझ्याच हातून ती कितीदा झाली होती. मेंढीनं बांधलेले पाय झटकले. आबांची कातर थांबली नाही, ती पुढं सरकत राहिली. मी डावा हात लांब करून त्या मेंढीच्या काखेपाशी बोट लावलं. बोट चिकट झालं. विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, "रगत!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या मेंढीकडं, खरं म्हणजे. पाहुणे हसले. काका "अरारा, आता राहिलंच किती व्हतं" असं म्हणत माझी मेंढी घ्यायला उठले. हळदीची वाटी कुणीतरी माझ्याकडं सरकवली.

"माही न्हाई," मी म्हटलं. "आबांच्या मेंढीला लागलं."

हसणं थांबलं. काका उभ्याचे उभे राहिले. "आबांच्या हातानं? येडी झाली का?"

आबांनी मान वर केली. त्यांनी माझ्या दिशेनं पाहिलं, पण मी होते त्याच्या जरा डावीकडं. "माह्या हातानं न्हाई लागत," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या आयुष्यात ते खरंच होतं. त्यांची अर्धी मेंढी दुसऱ्यानं पुरी केल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

लोकर उचलायच्या निमित्तानं माय माझ्यामागं येऊन बसली. माझ्या कानाशी तिनं म्हटलं, "म्हण ना तुहीच म्हनून. तुला फुडल्या टायमाला भेटंल. त्यांचं काय राह्यलंय आता?"

माय वाईट नव्हती. त्या माणसांत आबांचा आब राखावा असं वाटणारी ती एकटीही नव्हती, सगळ्या बाभळीखाली तेच वाटत होतं. मलाही वाटत होतं. आबांनी माझ्या हातात कातर दिली नसती तर त्या सावलीत मला कुसळांपलीकडं काही मिळालं नसतं. माझा त्यांच्यावर जीव होता, आणि हे मी तेव्हाही जाणून होते. पण मी "माझी" म्हटलं तर हळद माझ्या धड असलेल्या मेंढीला लागणार होती, आणि आबांची मेंढी तशीच सुटून पावसात जाणार होती. आणि हेही सांगून टाकते, मला माझी मेंढी सोडायची नव्हती. पुढं लोकांनी या प्रसंगाचं फार सोवळं करून ठेवलं. त्यात माझ्या हट्टाला कुणी जागा दिली नाही.

"आबा, हात द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिला. मी त्यांचं बोट धरून काखेतल्या त्या जागेवर टेकवलं. त्यांनी बोट तिथं जरा फिरवलं, मग अंगठ्यावर घासलं, मग नाकाशी नेलं. काका दुसरीकडं बघत होते. मला वाटत होतं की आता ते मला सगळ्यांसमोर झिडकारतील, आणि ते मला चाललं असतं.

आबांनी "रगत!" असं म्हटलं. मोठ्यानं, पार पलीकडच्या शेतातल्या आखाड्यावरच्या घरापर्यंत जाईल असं. मग ते उठले. वाटीकडं त्यांचा हात गेला तो वाटीच्या पुढं पडला. मायनं वाटी सरकवायला हात पुढं केला, आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सूनबाई. ज्याचं त्यानं आणायचं असतंय." त्यांनी चाचपून वाटी घेतली, हळद लावली. जागा चुकली. मी त्यांचं मनगट धरून हात जरा खाली नेला आणि मग बरोबर लागली.

"हिची पुरी झाली की माही मेंढी हिच्याकडं दे," ते काकांना म्हणाले आणि आपली कातर खाली ठेवून बसले.

माझी मेंढी मी पुरी केली. रगत न काढता. एक वर्ष ज्याची वाट पाहिली ते मिळालं तेव्हा मला बिलकूल आनंद झाला नाही. डोळे भरून आले होते आणि शेवटचा पाय मी जवळजवळ आबांसारखाच, न बघता कातरला. मग आबांची अर्धी मेंढी माझ्यापुढं आली. तिच्या मानेपाशी मी लगेच चीर पाडली, "रगत" म्हटलं, उठले, हळद लावली आणि ती मेंढी काकांनी पुरी केली. एकाच मेंढीला दोनदा हळद लागल्यानं ती उभी राहिली तेव्हा हळदीला बसवल्यासारखी दिसत होती. पाहुण्यांतला एकजण हसला, आणि सगळ्यात आधी आबा त्याच्याबरोबर हसले.

दुपारी मी पहिल्या पंगतीला बसले. मायनं मला वाढलं, पण ती माझ्याशी बोलली नाही. गरम भाकरी मी अर्धीच टाकून उठले, हे आठवतं. मायचा अबोला बरेच दिवस टिकला, आणि तो सुटल्यावरही तिनं त्या दिवसाचा विषय काढला नाही. काका मात्र बाहेर गावात सांगत हिंडले की पोरीनं म्हाताऱ्याला उघडं पाडलं. मी बरं केलं का वाईट, हे मला तेव्हा कळत नव्हतं. सगळ्यांनी मिळून इतक्या निगुतीनं झाकून ठेवलेली गोष्ट मी भर दुपारी बोट धरून दाखवली होती, आणि त्याबद्दल मला अजूनही पूर्ण बरं वाटत नाही.

आबांनी पुन्हा कातर धरली नाही. पुढं हिंगोलीत त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. त्यांना उजेड आणि हलणारी माणसं तेवढी दिसायची. तरी दिवाळीनंतरच्या कातरणीला ते बाभळीखाली आले आणि त्यांनी स्वतःसाठी एक काम काढलं. मेंढी कातरून झाली की ती आधी त्यांच्यापुढं आणायची. ते तिच्या अंगावरून तळवा फिरवायचे, काखा, मान, पोट, मांड्यांच्या आतून, कुठं ओल लागते का ते बघायचे आणि मगच पायांची दोरी सोडायचे. काकांच्या मेंढीला ते इतका वेळ लावायचे की काका वैतागून जायचे. "मी सांगितलं ना, न्हाई लागलं," काका म्हणायचे. आबा ऐकल्यासारखं करायचे आणि तळवा फिरवत राहायचे.

त्या कातरणीतली माझी पहिली मेंढी मी त्यांच्यापुढं नेली. ती काळीच होती. त्यांनी दोरीच्या गाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "रगत?"

"न्हाई, आबा."

त्यांनी मेंढीला हात लावला नाही. गाठ सोडली आणि म्हणाले, "दुसरी आण."